अडीच महिने वजा

माय, तुझी नात चौदा महिन्यांची झाली. दवाखान्याच्या हिशोबाने साडेअकरा महिन्यांची. ती अडीच महिने आधी आली, म्हणून तिचं वय सांगताना अडीच महिने वजा करायचे असतात, हे यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुला हे माहीत होतं का, मला कळायला मार्ग नाही. तुझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये तसा रकाना नव्हता. लेकराचं नाव, जन्मतारीख, वजन, पट्टीचा रंग. महिनाअखेरीला तू भाकरी थापता थापता आकडे सांगायचीस आणि मी चुलीपासून हातभर लांब बसून ते उतरवून घ्यायचो, कारण माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं होतं. एखादा काना चुकला तरी पान पुन्हा लिहायला लावायचीस. बोलताना मले-तुले चालते, लिहिताना मला-तुला लिहायचं, असं तुझं म्हणणं. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. दहावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेला बसलो नाही. पण लिहितो अजून तसंच, खाडाखोड न करता.

दारव्ह्यात मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात आहे, गावाहून रोज जीपने जातो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी येतात, त्या उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची, मोजून नवी तांब्याची तार भरायची. दुकानाच्या मालकांना सगळेच चाचा म्हणतात. वेढे मोजताना मी कोणाशी बोलत नाही, म्हणून ते मला मौनीबाबा म्हणतात. लग्न होऊन तीन वर्षं झाली. तुझी सून तुझ्या फोटोला रोज हळदीकुंकू लावते. तू रागीट होतीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला सातवा महिना निम्मा सरला होता. सकाळी ती म्हणाली, चपला पायात जाऊन नाही राहिल्या. मी तिच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. दारव्ह्याला नेलं, तिथून बीपी फार वाढलंय म्हणून यवतमाळला पाठवलं, आणि त्याच दुपारी सिझर झालं. सिस्टरने काचेतून दाखवलं. अकराशे वीस ग्रॅम. एका मोटरीला याहून जास्त तार लागते, हा पहिला विचार माझ्या मनात आला, आणि तो का आला म्हणून मी स्वतःलाच शिवी दिली. सगळ्यात लहान डायपरसुद्धा तिच्या छातीपर्यंत यायचा. पोटावरच्या शिरा वहीच्या रेघांसारख्या निळ्या दिसायच्या. नाकातून नळी, नळीतून दूध, तेही चमच्याच्या टोकाएवढं. श्वास घ्यायचं ती मधेच विसरून जायची. सिस्टर तळपायाला टिचकी मारायची की पुन्हा आठवायचं.

दोन आठवड्यांनी मला शर्ट काढून खुर्चीवर बसायला सांगितलं आणि तिला माझ्या उघड्या छातीवर उभी बांधली, बेडकासारखे पाय पसरवून. आईला टाके होते, ताप होता, म्हणून दुपारचे चार तास माझे. तिचे पाय तेव्हा माझ्या बरगड्यांवर दोन्हीकडे सहज पसरायचे. ओल्या सुतासारखे मऊ. मी हललो तर तिचा श्वास थांबेल या भीतीने मी खोकला दाबून धरायचो. शेजारच्या खुर्चीवरचा बाप, पुसदकडचा होता, मला म्हणाला, "भाऊ, श्वास तं घे. तूच मरशीन आधी." मी हसलो आणि तिचं डोकं हललं म्हणून घाबरलो.

पन्नासाव्या दिवशी सुट्टी मिळाली. अठराशे ऐंशी ग्रॅम. डोळे तपासले, चांगले निघाले. कान तपासले, चांगले निघाले. सुनबाई गाठोडं बांधत होती तेव्हा मॅडमनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्या माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, "वजन छान वाढतंय. पण टाळूतून डोक्याची सोनोग्राफी केली ना आपण, त्यात एका जागी थोडा बदल दिसतोय. त्याचं पुढे काय होईल, काही होईल की नाही, आज कोणीच सांगू शकत नाही. तीन महिन्यांनी नक्की घेऊन या. वजनावर जाऊ नका. मेंदूची वाढ काट्यावर दिसत नाही." मी हो म्हणालो. कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. सुनबाईने विचारलं काय म्हणत होत्या, तर मी म्हणालो, "आंघोळ कोमट पाण्यानं घाला म्हणे." तो कागद मी घरी नेलाच नाही. दुकानात तारेच्या गेजचा, म्हणजे जाडीचा, तक्ता ठेवायचा खण आहे, त्यात तक्त्याखाली ठेवला.

आणि मग मी काट्यावरच गेलो. दुसरं काय येतं मला? तूच शिकवलंस. लोंबत्या काट्याच्या झोळीत रडणारं लेकरू, तू डोळे बारीक करून आकडा वाचणार, कार्डावर ठिपका देणार. ठिपका हिरव्या पट्टीत पडला की आईचा चेहरा सैल व्हायचा. दुकानात तांबं तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दर शनिवारी संध्याकाळी तो मी पिशवीत घालून जीपने गावी आणायचो आणि सोमवारी परत न्यायचो. चाचा ओरडायचे, "अबे मौनीबाबा, पोरगी हाय का बावीस गेजची तार? रोज रोज तोलून काय वाढून राह्यली का ते?" पण आकडा विचारायचे. मी सांगायचो. "माशाल्ला," म्हणायचे, आणि समोरच्या टपरीतून चहा मागवायचे. माझ्या जवळच्या कार्डावर मी अडीच महिने वजा करून ठिपके देत होतो. आधी लालमध्ये, मग पिवळ्यात, आणि सातव्या महिन्यात एक ठिपका हिरव्यावर पडला. अगदी काठावर. पण पडला. त्या दिवशी मी गावात पेढे वाटले.

तीन महिन्यांनी न्यायचं ते नेलं नाही. सुनबाईला तारीख आठवत होती. ती दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी सांगितलं, "मी फोन करून विचारलं. वजन वाढत असन तर यायची गरज नाही म्हणे." मी फोन केला नव्हता. माय, यात दुसऱ्या कोणाचाही हात नाही. जीप होती, पैसे होते, चाचांनी सुट्टी कधी नाकारली नाही. मला तो व्हरांडा पुन्हा नको होता, एवढंच कारण.

सहाव्या महिन्यात सुनबाई दुपटं बदलता बदलता म्हणाली, "अहो, इचे पाय पाहा ना. उकलतच नाही. लाकडावानी लागते." मी हात लावला. मांड्या घट्ट होत्या, एकीवर दुसरी चढलेली. मी म्हणालो, "थंडी वाजत असन." न्हाऊ घालायला म्हातारी आजी यायची, तिने तर मांडीवर चापट मारून सांगितलं, "जोर पाह्य पोट्टीचा! असं पायात बळ म्या कोण्या लेकरात नाही पाहलं. आठव्यातच चालते ते." तिच्या हातावर गावातली निम्मी लेकरं वाढलेली. सुनबाई लाजून हसली. मीही. मान धरायला उशीर झाला तेव्हा मी अडीच महिने वजा केले. पालथी पडायला उशीर झाला तेव्हा अडीच वजा केले, आणि ते पुरेनात म्हणून मनातल्या मनात दवाखान्यातले पन्नास दिवसही वजा केले. तिथे ती कुठे लेकरासारखी जगली, असं म्हणून. मॅडमनी एकदा वजा करायला सांगितलं होतं, मी दर वेळी नव्याने करत गेलो. अशाने कोणतंही लेकरू वेळेवरच असतं.

दहाव्या महिन्यात ती उभी राहिली. सुनबाईने काखेत धरून तिला ओट्यावर टेकवलं आणि तिने पाय ताठ रोवले, टाचा वर, अंगठ्यांवर, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवरून गेलेले. शेजारच्या बायका जमल्या. टाळ्या वाजवल्या. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि दुकानात सगळ्यांना दाखवला. चाचांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला. "नाचणारी होते काय रे ही? पंजावर उभी हाय," म्हणाले. मोटर घेऊन आलेल्या दोन शेतकऱ्यांनाही मी तो दाखवला.

आशाताई तुला आठवत असेल. तू अंगणवाडीत होतीस तेव्हा ती गावात आशा कार्यकर्ती म्हणून नवीन लागली होती, तुला घाबरायची. ती एका दुपारी दारात आली. सुनबाई दळण आणायला गेली होती. मी तिलाही व्हिडिओ दाखवला. तिने पाहिला, मोबाईल परत दिला आणि विचारलं,

"बसते का?"

"उभी राह्यते ना ताई."

"उभी राह्यते ते पाहलं मी. बसते का?"

मी म्हणालो, अडीच महिने वजा केले तर अजून... ती म्हणाली, "वजा करूनच इचारून राह्यली, भाऊ. मले नको शिकवू." मग तिने घरात येऊन पोरीला सतरंजीवर बसवलं आणि हात काढला. तुझी नात मागे गेली, धनुष्यासारखी. आशाताईने तिला डोकं आपटण्याआधी झेललं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. जाताना म्हणाली, "माय असती ना तुही, कानाखाली वाजवली असती. उद्याच्या उद्या ने." सुनबाई दळण घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "मले वाटते, एक वेळ यवतमाळले दाखवून येऊ. मले तिचे पाय बरोबर नाही वाटत." आशाताईचं नाव काढलं नाही. का नाही काढलं, तेव्हा कळलं नव्हतं.

मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला. टाळ्यांचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. मग त्यांनी पोरीचं पाऊल हातात घेऊन पंजा पटकन वर दाबला, आणि तो पाय आपोआप थरथरत राहिला, थांबेना. टेपने डोक्याचा घेर मोजला. घेराचीही एक पट्टी असते, माय, कार्डावरच्या पट्टीहून वेगळी, आणि त्या पट्टीवर तिची रेघ चार महिन्यांपासून जवळजवळ आडवी असणार, असं त्या म्हणाल्या. असणार, कारण मधे मोजणारं कोणी नव्हतं. मी दर आठवड्याला तोललं. टेप घरात होती, पोरीच्या डोक्याला कधी लावली नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटातले शेवटचे तीन महिने मेंदू घड्या पाडून घेत असतो, आणि त्याच्या आतल्या तारांवर एक आवरण चढायला सुरुवात होते. तेव्हा लेकरू बाहेर आलं, श्वास कमी पडला, रक्त कमी पडलं, तर आतल्या तारांना मार बसतो. पायाकडे जाणाऱ्या तारा तिथूनच जातात. मला लगेच समजलं. वाइंडिंगवर आम्ही वार्निश चढवतो आणि भट्टीत सुकवतो. ते नीट चढलं नसेल तर मोटर वरून नवी दिसते, हाताने फिरवली तर फिरते, आणि भार आला की जळते. हे मी त्यांना बोललो नाही. विचारलं, "चालन का?"

"आज नाही सांगता येणार. आधी बसायला शिकवू. लहान मेंदू वाट बदलू शकतो, म्हणून तर लवकर यायचं असतं." मग फाईल उलटत म्हणाल्या, "तीन महिन्यांनी बोलावलं होतं. का नाही आणलं?"

मी तोंड उघडायच्या आत सुनबाई म्हणाली, "मॅडम, यांनी फोन केलता. इथून कोणीतरी सांगतलं का वजन वाढत असन तर गरज नाही म्हणून."

"कोण बोललं फोनवर?" मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, आठवत नाही. एक बाई होत्या. मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलापाशी बसलेल्या सिस्टरला बोलावून आमच्यासमोर विचारलं, फोनवर असं कोण सांगतं? ती सिस्टर पन्नाशीची, हातात इंजेक्शनचा ट्रे तसाच. म्हणाली, "मॅडम, मी तं असं कधीच नाही सांगत." तळपायाला टिचकी मारून पोरीचा श्वास परत आणणारी तीच. मी पोरीला झबलं घालायला घेतलं.

आता तुला जे विचारायचं आहे ते विचारतो. आपल्या घरामागच्या गल्लीतला मुलगा. घरीच जन्मला होता, मुठीएवढा. मी दहा वर्षांचा असेन. तू दर महिन्याला त्याला झोळीत घालून तोलायचीस, आणि तो वाढला, चांगला वाढला, त्याच्या कार्डावर हिरवे ठिपके तूच दिलेस आणि रजिस्टरमध्ये मी लिहिले. एका दुपारी त्याची आई त्याला घेऊन आपल्या स्वयंपाकघरात आली. त्याचा अंगठा मुठीच्या आत होता, दोन्ही हातांचा, आणि डोकं तिच्या दंडावरून मागे लोंबत होतं. ती म्हणाली, "बाई, वजन बरोबर हाय ना याचं? मंग मान काहून नाही धरत?" आणि तू, तव्यावरची भाकरी उलटत, तिच्याकडे न पाहता म्हणालीस, "धरन. वजन चांगलं हाय. कायले जिवाले लावून घेतं?" ती समाधानाने गेली. भाकरी करपली. तुझी भाकरी कधी करपत नव्हती. मी विचारलं, माय, त्याची मान... तर तू उलथनं माझ्या दिशेने उगारलंस. "तुले काय करायचं? शुद्धलेखन लिही." तो आता अठराचा आहे. त्याची आई त्याला अजून पाठीवर घेऊन संडासला नेते. जीपमध्ये चढायला मी रोज त्याच्या खाटेजवळून जातो.

तुला दिसलं होतं, माय. हे मी आता खात्रीने लिहितो, कारण मलाही दिसलं होतं. तिसऱ्या महिन्यातच तुझ्या नातीचा अंगठा मुठीच्या आत होता. मी तो रोज बोटाने सोडवून बाहेर काढायचो आणि तो पुन्हा आत जायचा. तो कोणाचा अंगठा आहे, कुठे पाहिला आहे, हे मला पहिल्या दिवशीच आठवलं होतं. तेव्हा तुला त्याला कुठे न्यायचं हेही माहीत नसेल, यवतमाळला असं काही होत नसेल. तुझ्याकडे काटा होता, माझ्याकडे काटाही होता आणि व्हरांड्यात हातात दिलेला कागदही. म्हणून तुला दोष द्यायला बसलो होतो, तो पूर्ण देता येत नाही.

सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही यवतमाळला जातो. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आहेत. मांड्या हळूहळू उकलायच्या, तीसपर्यंत मोजायचं, सोडायचं. पोरगी रडते. सुनबाई डोळे पुसत मोजते, तिचे आकडे चुकतात, मी मनात बरोबर मोजतो. चाचांनी पंपाच्या खोक्याच्या फळ्या कापून तिला कोपऱ्यात बसायची खुर्ची करून दिली, कडा घासून गुळगुळीत. "बैठेगी," म्हणाले, "तिचा बाप तरी कुठं सरळ बसते स्टुलावर." त्या खुर्चीत ती आता सात-आठ मिनिटं बसते, मग उजवीकडे कलते. नजर स्थिर आहे. माझा आवाज ओळखते. हसते, थोडं उशिरा, पण हसते. चालेल की नाही, ते कोणी सांगत नाही, आणि मीही आता विचारत नाही. मधले ते महिने आधी आलो असतो तर काय झालं असतं, तेही विचारत नाही. मॅडमनी एकदा स्वतःहून सांगायला सुरुवात केली होती, मी औषधाच्या चिठ्ठीचं निमित्त करून बाहेर गेलो.

हे मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत लिहितो आहे, कारण सुनबाईला वाचता येतं. लिहून झालं की तक्त्याखालच्या कागदाबरोबर ठेवीन. तो कागद तिने अजून पाहिलेला नाही, आणि त्या सिस्टरला मी अजून काही बोललेलो नाही. मंगळवारी ती समोरून येताना दिसली की मी पाणी प्यायला वळतो.

गेल्या शुक्रवारी एक नवीन जोडपं आलं होतं. त्यांचं लेकरू तीन महिन्यांचं, दुपट्यात गुंडाळलेलं, आई रडत होती. सुनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नको रडू बाई. तुमी लवकर आल्या. मी तं माय, मालिशवालीचं ऐकूनच बसली असती. आमच्या यांनीच वळखलं. हेच म्हणाले का पाय बरोबर नाही, आन् घेऊन आले." व्यायामाच्या मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "असे वडील फार कमी असतात." तो नवीन बापही माझ्याकडे पाहत होता, आदराने. पोरीच्या मांड्या माझ्या दोन्ही हातांत उकलून धरलेल्या होत्या आणि माझे आकडे एकवीसपर्यंत आले होते. मी म्हणालो, "तसं काही नाही." ते मी अशा आवाजात म्हणालो की ऐकणाऱ्यांना तो माझा साधेपणा वाटावा. तसाच वाटला. आणि माय, ते सगळे माझ्याकडे पाहत होते तेवढा वेळ मला बरं वाटलं.